काचेचं फायबर कुठे, कसं वापरायचं: ॲसिडच्या टाकीपासून डोंगराच्या उतारापर्यंत

रबाळे एमआयडीसीत माझं छोटं एफआरपीचं, म्हणजे काचेचे धागे रेझिन नावाच्या पातळ, नंतर कडक होणाऱ्या प्लास्टिकमध्ये बसवायचं, वर्कशॉप आहे, सतरा वर्षं झाली. फोन येतो तेव्हा समोरचा बहुतेक वेळा एवढंच बोलतो, "दादा, फायबर मारायचंय." कुणाला ॲसिडच्या टाकीला आतून मारायचं असतं, कुणाला कंपाउंड वॉलमध्ये लोखंडाऐवजी फायबरचा बार टाकायचा असतो, कुणाला कंपनीच्या आतल्या रस्त्याखाली जाळी हवी असते. शब्द सगळ्यांचा एकच आणि पुढचा प्रश्न पण एकच, किलोला किती. मी भाव सांगायच्या आधी विचारतो की तिथे त्याला खाणार काय? ॲसिड खाणार, खारी हवा खाणार, सिमेंट खाणार, ऊन खाणार, का नुसतं वजन घेऊन वर्षानुवर्षं ताणलेलं राहणार? काच गंजत नाही हे शंभर टक्के खरं आहे, पण काचेला मारणाऱ्या दुसऱ्या गोष्टी आहेत आणि त्या प्रत्येक जागी वेगळ्या असतात, म्हणून एका जागी वीस वर्षं टिकणारं काम दुसऱ्या जागी दोन पावसाळ्यांत सुटून येतं. नवीन सुपरवायझर, छोटे कॉन्ट्रॅक्टर, सोसायटीची कमिटी, सगळेच विचारत असतात म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी धागा ओळखा

काच साधारण १२०० अंशांच्या वर वितळवतात आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या बुशिंगच्या बारीक भोकांतून ओढतात. एकेक तंतू १० ते २० मायक्रॉनचा, केसापेक्षा बारीक. ओढता ओढताच त्यावर सायझिंग नावाचा लेप बसतो, आणि पुढे रेझिन काचेला घट्ट धरून बसतं ते ह्या लेपामुळेच. आपल्या जवळ तळोज्यालाच ह्या धाग्याचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे नवी मुंबईत चांगला माल मिळत नाही ही तक्रार कुणी करू नये. ओला झालेला, उघडा पडलेला, धूळ बसलेला रोल स्वस्तात मिळतो म्हणून मात्र कधीच उचलू नका, लेप खराब झाला की रेझिन धरतच नाही आणि हे बाहेरून दिसत नाही.

बाजारात मिळतो तो जवळजवळ सगळा ई-ग्लास. ताकदीला चांगला, स्वस्त, वीज वाहत नाही. ॲसिडच्या कामाला बोरॉन नसलेला ईसीआर ग्लास जास्त टिकतो, तेव्हा सप्लायरला तो आहे का म्हणून विचाराच. आणि तिसरा एआर ग्लास, सिमेंटसाठी. ओल्या सिमेंटचा पीएच १२.५ ते १३ असतो आणि तेवढ्या अल्कलीत ई-ग्लास हळूहळू विरघळतो, ठिसूळ होतो. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये ए. जे. मजुमदार यांनी ह्याच्यावर काम केलं, काचेत झिर्कोनिया घातला तर सिमेंटमध्ये टिकते हे दाखवलं, आणि १९७१ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने तो धागा बाजारात आणला. आज एआर ग्लासमध्ये १६ टक्के किंवा जास्त झिर्कोनिया असतो. जीआरसी म्हणजे काचेचे तंतू घातलेल्या सिमेंटच्या जाळ्या, बिल्डिंगच्या बाहेरचे पॅनेल, प्लास्टरमधले बारीक तंतू, ह्या सगळ्याला एआरच पाहिजे. दोन्ही धागे दिसायला सारखेच पांढरे असतात, डोळ्यांनी ओळखायला जाऊ नका, टेस्ट सर्टिफिकेटवर झिर्कोनियाचा आकडा मागा. प्लास्टरवाला साधी मॅट, म्हणजे ई-ग्लासच्या धाग्यांची चादर, कापून सिमेंटमध्ये टाकत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

टाकी किंवा पिटचं लायनिंग

ह्यात मी जास्त वेळ घालवणार आहे कारण पावणे, महापे, तुर्भे, तळोजा, सगळीकडे सगळ्यात जास्त हेच काम निघतं आणि सगळ्यात जास्त हेच फसतं.

आधी रेझिन ठरवा. पाणी, साधं सांडपाणी असेल तर आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर चालतं. ऑर्थो म्हणजे जनरल पर्पज रेझिन छपराच्या पत्र्याला, खुर्चीला ठीक आहे, केमिकलला नको. ॲसिड, ब्लीच, गरम एफ्लुएंट म्हणजे कारखान्याचं केमिकलचं सांडपाणी असेल तर व्हिनाइल एस्टर. कॉस्टिक सोड्यालाही व्हिनाइल एस्टरच, पण तिथे पृष्ठभागावरची टिश्यू, म्हणजे सगळ्यात वरचा पातळ पडदा, काचेची न घेता सिंथेटिक पॉलिस्टरची घ्यायची कारण कॉस्टिक काचेला खातं. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड तर काच सरळ विरघळवतं, तिथेही वरचा थर सिंथेटिकच. कंपनीकडून "ॲसिड आहे" एवढ्या उत्तरावर काम घेऊ नका, कुठलं, किती टक्के, किती तापमान, हे लिहून घ्या आणि रेझिन कंपनीच्या केमिकल रेझिस्टन्स चार्टमध्ये बघा. चार्टमध्ये तापमानाचा कॉलम असतो, तोच लोक वाचत नाहीत.

मग काँक्रीट. काही वर्षांपूर्वी पावण्यातल्या एका कारखान्याचा ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचा) पिट आम्ही ऑगस्टमध्ये घेतला. त्यांना शटडाउन तेवढाच मिळत होता, मीही हो म्हटलं, वरून भिंत कोरडी दिसत होती, हाताला कोरडी लागत होती. दोन महिन्यांत लायनिंगला हातभर मोठे फुगे आले. सुरी घालून एक फोडला तर आतून स्वच्छ पाणी वाहिलं, ॲसिड नाही, काँक्रीटमधलंच पाणी. मागच्या बाजूला जमिनीत पाणी भरलेलं, ते काँक्रीटमधून आत दाबत होतं आणि लायनिंगला आतल्या बाजूला ढकलत होतं. सगळं काढून परत केलं, खर्च माझा. तेव्हापासून एक नियम पाळतो, साधारण अर्ध्या मीटरचा जाड पॉलिथिनचा तुकडा भिंतीला आणि तळाला चारी बाजूंनी टेपने चिकटवायचा, पूर्ण २४ तास ठेवायचा, काढल्यावर प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालं असेल तर काम सुरू करायचं नाही. जमिनीखालचा पिट असेल तर आधी बाहेरून पाणी अडवायचं किंवा पंप लावून उतरवायचं. क्लायंट कितीही घाई करू दे.

काँक्रीट २८ दिवसांचं झालेलं पाहिजे, वरची दुधाळ कमकुवत साय ग्राइंडरने किंवा ब्लास्टिंगने काढून टाकायची, तेल असेल तर तेवढा भाग खणून काढायचा. आतले कोपरे ९० अंशांचे कधी ठेवायचे नाहीत, पुट्टीने गोल करायचे, अंगठ्याने फिरवल्यासारखे, कारण मॅट काटकोनात बसत नाही, मागे पोकळी राहते आणि पहिलं लीकेज तिथेच. त्यानंतर प्रायमर, प्रायमर चिकट असतानाच किंवा कंपनीने दिलेल्या वेळेच्या आत पहिला थर.

हिशोब असा धरा. १० चौरस मीटर, ४५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) चॉप्ड स्ट्रँड म्हणजे कापलेल्या धाग्यांच्या मॅटचे दोन थर, म्हणजे काच ९ किलो. मॅटला रेझिन वजनाच्या सव्वादोन ते अडीचपट लागतं, म्हणजे साधारण २२ किलो. वर ३० जीएसएमची टिश्यू, तिला तीनेक किलो, आणि शेवटचा टॉपकोट, वाया जाणारं वेगळं. ३० किलोच्या आसपास रेझिन ठेवा. ४५० ची एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देते. ज्याने १० चौरस मीटरला १२ किलो रेझिनचं कोटेशन दिलंय त्याने एक तर एकच थर धरलाय किंवा मॅट कोरडी ठेवणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हार्डनर म्हणजे एमईकेपी, आणि ॲक्सिलरेटर म्हणजे कोबाल्ट, जांभळा. हे दोन्ही एकमेकांत सरळ कधीच मिसळायचे नाहीत, एका मगात नाही, एका मापात नाही, एका झाकणात सुद्धा नाही, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये टाकून नीट ढवळायचा, मग हार्डनर. बऱ्याचदा रेझिन प्रमोटेड म्हणजे कोबाल्ट घालूनच येतं, ड्रमवरचं लेबल वाचा, परत घालू नका. आमच्याकडे दोन्हींची मापं वेगळ्या रंगाची आहेत, दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या कपाटात, आणि नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला फक्त हेच शिकवतो, रोलर हातात नंतर.

हार्डनर १ ते २ टक्के. किलोभर रेझिनला दीड टक्का म्हणजे १५ ग्रॅम. मेमध्ये दुपारी लोक घाबरून अर्धा टक्का करतात आणि मग ते कधीच पूर्ण पिकत नाही, आतून रबरासारखं राहतं. एक टक्क्याच्या खाली जाऊ नका, त्यापेक्षा सकाळी सहाला काम सुरू करा किंवा कोबाल्ट कमी करा. एका वेळी किलो-दीड किलोच मिसळा, बादलीभर मिसळलं तर त्याच्याच उष्णतेने बादलीत धूर येतो. व्हिनाइल एस्टरमध्ये एमईकेपी टाकल्यावर फेस येतो, सोड्यासारखा, तो बसेपर्यंत दोन-चार मिनिटं थांबायचं, फेसाळलेलं रेझिन भिंतीवर मारलं की ते बुडबुडे कायमचे आत.

लावताना आधी भिंतीवर रेझिन, मग मॅट, मग वरून ब्रशने टोचून रेझिन. ब्रश ओढायचा नाही, ओढला की धागे गोळा होतात. मॅट आधी पांढरी कापसासारखी दिसते, रेझिन भिनलं की काच दिसेनाशी होते आणि मागची पुट्टी आरपार दिसते. पांढरा ठिपका राहिला म्हणजे तिथे हवा आहे किंवा रेझिन पोचलेलं नाही. मग खाचांचा ॲल्युमिनियमचा रोलर फिरवायचा, मधून बाहेरच्या बाजूला, आवाज ऐकत. हवा निघताना बारीक चुरचुर आवाज येतो, तो थांबेपर्यंत. आमच्याकडे एक मामा आहेत साताऱ्याचे, ते टॉर्च भिंतीला आडवी लावून बघतात, समोरून न दिसणारा बुडबुडा आडव्या उजेडात सावली टाकतो. मी तेव्हापासून सगळ्यांना असंच बघायला लावतो. जोड दोन इंच तरी एकमेकांवर, आणि दुसऱ्या थराचे जोड पहिल्याच्या जोडांवर येऊ द्यायचे नाहीत.

शेवटचा थर हवेत चिकट राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन पिकणं अडवतो. त्यासाठी टॉपकोटच्या रेझिनमध्ये मेणाचं सोल्यूशन घालतात, मेण वर तरंगून हवा बंद करतं. हे मेण फक्त शेवटच्या कोटमध्ये. मधल्या थरात गेलं तर पुढचा थर त्याला धरणार नाही, पापुद्र्यासारखा निघेल.

तपासणी. दुसऱ्या दिवशी नाण्याने टकटक करत पूर्ण भिंत फिरा, पोकळ जागेचा आवाज बद्द येतो, खडूने गोल करा. ॲसिटोनचा बोळा घासा, बोळ्याला चिकटपणा आला तर पिकलेलं नाही. शक्य असेल तर बारकॉल मीटर (कडकपणा मोजायचं यंत्र) आणा आणि रेझिन कंपनीने दिलेल्या आकड्याशी जुळवा. मगच टाकी भरा, आणि पहिल्यांदा साध्या पाण्याने भरा.

माणसांबद्दल एक गोष्ट सांगायचीच आहे. रेझिनमधल्या स्टायरीनची वाफ हवेपेक्षा साडेतीनपट जड असते, ती पिटच्या तळाला बसते, म्हणजे बरोबर जिथे आपला माणूस वाकून रोलर मारतो तिथे. वर पंखा लावून उपयोग नाही, पाइप तळापर्यंत सोडून ब्लोअरने खालची हवा बाहेर ओढायची. स्टायरीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो आकडा, ३१ अंशांच्या आसपास आहे आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच ३५ असतं, त्यामुळे साधा हॅलोजन, ग्राइंडर, मोबाइल, बिडी, काहीच आत नाही, फ्लेमप्रूफ दिवाच. आत माणूस असताना वर दुसरा माणूस बसलेला पाहिजे, दोरी हातात, आणि तो चहाला उठला तर आतला आधी बाहेर. वासाची सवय होते, डोकं जड होतं, माणूस म्हणतो "काय नाय साहेब, बरा आहे", आणि पाय लटपटायला लागतात. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय, तो माणूस बाहेर काढला तेव्हा त्याला स्वतःचं नाव सांगायला वेळ लागत होता. केमिकलचा कार्ट्रिज मास्क द्या, कापडी नको. कापताना, घासताना मात्र धुळीचा मास्क आणि पूर्ण बाह्या. अंगाला खाज आली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून धागे उचला, मग थंड पाण्याने धुवा.

काँक्रीटमध्ये फायबरचा बार

खाडीकाठी राहणाऱ्यांना गंज काय करतो हे वेगळं सांगायला नको. वाशीचा १९७३ चा पहिला खाडीपूल आठवा, त्याच्या प्रीस्ट्रेसिंगच्या केबल्सना गंज लागला आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल सुरू झाला. ऐरोली, कोपरखैरणे, बेलापूरकडच्या बिल्डिंगांच्या खालच्या कॉलमचं काँक्रीट फुटून सळ्या बाहेर आलेल्या तुम्ही रोज बघता. म्हणून जीएफआरपी म्हणजे काचेच्या फायबरच्या बारची मागणी वाढलीय आणि ती योग्यच आहे, पण विकणारे एक चुकीची गोष्ट सांगतात ती आधी समजून घ्या.

ते म्हणतात १२ एमएम लोखंडाच्या जागी १० एमएम फायबर टाका, ताकद तेवढीच. खेचायची ताकद खरंच जास्त आहे, फे ५०० म्हणजे नेहमीच्या लोखंडी सळीच्या दीडपट-दुप्पट सहज भरते. पण ताठरपणा? लोखंडाचा मॉड्युलस (ताठरपणाचा आकडा) २०० जीपीए, जीएफआरपी बारचा ४५ ते ६०. म्हणजे तेवढ्याच वजनाला फायबर जवळजवळ चौपट ताणतो. स्लॅब पडणार नाही कदाचित, पण वाकेल, आणि तडे रुंद होतील. म्हणून बहुतेक डिझाइनमध्ये ताकद नाही, वाक आणि तडे आकडा ठरवतात, आणि बरेचदा बार कमी न होता वाढतो. दुसरं, लोखंड तुटण्याआधी ताणतं, वाकतं, आपल्याला सांगतं. काच शेवटपर्यंत सरळ ताणते आणि एकदम तुटते. तिसरं, कायमचं वजन घेऊन काच थकते, त्यामुळे सततच्या भाराचा ताण बारच्या ताकदीच्या २०-३० टक्क्यांच्या आतच ठेवतात. चौथं आग. बारमधलं रेझिन साधारण १००-१२० अंशांना मऊ पडायला लागतं. राहत्या बिल्डिंगचे बीम-कॉलम, भूकंपासाठी धरलेली फ्रेम, इथे मी स्वतः कुणाला फायबर सांगत नाही. रिटेनिंग वॉल, कंपाउंड वॉल, जमिनीवरचा स्लॅब, जेटी, सांडपाण्याची गटारं, एमआरआय रूमची फ्लोअरिंग, इथे बिनधास्त, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या डिझाइननेच. बारसाठी भारतीय मानक आहे, आयएस १८२५६, बिलासोबत त्याचं टेस्ट सर्टिफिकेट घ्या. काँक्रीटच्या अल्कलीसमोर काचेला वाचवणारं फक्त बारचं रेझिन आहे, म्हणून व्हिनाइल एस्टरचा बार घ्या, पॉलिस्टरचा स्वस्त बार परत पाठवा.

साइटवर काय वेगळं करायचं. १२ एमएमचा १२ मीटर लोखंडी रॉड साडेदहा किलोचा, फायबरचा तीन किलोच्याही आत, एक माणूस खांद्यावर बंडल घेऊन जातो, त्यामुळे फिटर लोक खुश असतात. पण हाच हलकेपणा काँक्रीट ओतताना त्रास देतो. बार ओल्या काँक्रीटपेक्षा हलका, व्हायब्रेटर लावला की पूर्ण जाळी वर तरंगायला लागते. ऐरोलीला एका जमिनीवरच्या स्लॅबला आम्ही कव्हर ब्लॉक खालून दिले होते, वरून बांधलंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी फिनिशिंगच्या वेळी एका कोपऱ्यात बार जवळजवळ पृष्ठभागाला आलेला दिसला. तेवढा तुकडा तोडून परत ओतावा लागला. खाली बांधून ठेवा, फक्त वर उचलून धरू नका.

साइटवर बार वाकवता येत नाही. गरम करूनही नाही. फिटर सवयीने पान्यात घालतो, आतले धागे तुटतात आणि बाहेरून फक्त पांढरी रेघ दिसते. रिंगा, हुक, एल, सगळं कारखान्यातून वाकवून मागवायचं, आणि वाकाच्या जागी ताकद बरीच कमी असते हे डिझाइनमध्ये धरलेलं पाहिजे. कापायला डायमंड ब्लेड, कटरने चेचू नका. बांधायला प्लास्टिक टाय किंवा कोटिंगची तार, नाही तर गंजायला एक बायंडिंग वायर ठेवलीत असं होईल. बार उन्हात महिनोन्महिने उघडे ठेवू नका, ताडपत्री टाका. पांढरे चट्टे, खरवडलेले, धागे सुटलेले बार बाजूला काढा.

सोसायटीचे कॉलम काचेच्या कापडाने गुंडाळणं हा वेगळा विषय, त्यावर थोडंच. गंजलेली सळी साफ न करता, फुटलेलं काँक्रीट न काढता वरून गुंडाळलं तर गंज आत चालूच राहतो, फक्त दिसत नाही, आणि हे मला सगळ्यात धोकादायक वाटतं. आधी दुरुस्ती, मग कोपरे इंचभर त्रिज्येने गोल, मग इपॉक्सी आणि विणलेलं कापड. इपॉक्सीबरोबर साधी मॅट वापरू नका, मॅटचा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, मॅट कडक राहते आणि नीट भिजत नाही. गोल कॉलमला ह्याचा फायदा भरपूर, चौकोनीला कमी, लांबट पट्टीसारख्या कॉलमला फारच कमी.

जमिनीत आणि रस्त्यात

रस्त्यातली काचेची जाळी कशासाठी असते ते नीट समजा. जुन्या डांबराला किंवा काँक्रीटला तडे आहेत, वर नवीन थर टाकला की तेच तडे वर्षभरात वर येतात. मधे काचेची जाळी टाकली तर तडा वर यायला उशीर होतो. काच इथे चालते कारण १५०-१६० अंशांच्या गरम डांबराने तिला काही होत नाही आणि ती फक्त तीन टक्के ताणते, त्यामुळे तडा उघडायच्या आधीच ताण घेते. पुढे रस्ता मिलिंग करायचा, म्हणजे मशीनने वरून खरवडून काढायचा, तर मशीन जाळी कापून टाकतं, लोखंडी जाळीसारखी दातात अडकत नाही. पण पृष्ठभाग सपाट पाहिजे, खड्डे आधी भरा, टॅक कोट (चिकटण्यासाठी मारायचा डांबराचा पातळ थर) बरोबर मात्रेत, जाळीला सुरकुती अजिबात नको, आणि वर किमान ४०-५० मिमीचा थर. टँकर वळतो त्या जागी जाळीवर गाडी फिरवू नका, उचलली जाते. आणि खालची भरावच बसत असेल तर जाळी काही करणार नाही. आपल्याकडच्या खाडीच्या काळ्या चिकण मातीवरचा रस्ता खचतोय, त्याला व्हर्टिकल ड्रेन, वर भराव टाकून ठेवणं, स्टोन कॉलम असले उपाय लागतात. मातीच्या आत थेट टाकायला पॉलिस्टर, पॉलिप्रॉपिलिनच्या जिओग्रिड असतात, काच मातीच्या दगडांनी घासली जाते. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) एसपी ५९ मध्ये रस्त्याच्या जिओसिंथेटिकचं सगळं आहे, टेंडर लिहिताना ते समोर ठेवा.

उतार आणि बोगद्यात मात्र काचेचा बार सोनं आहे. आता बीकेसी-शिळफाटा बुलेट ट्रेनचा बोगदा, ठाणे-बोरिवली जुळा बोगदा, ह्यामुळे आपल्या भागात टीबीएम (बोगदा खोदणारं मशीन) हा शब्द रिक्षावाल्यालाही माहीत झालाय. टीबीएम ज्या शाफ्टच्या भिंतीतून आत घुसतं तिथे भिंतीत लोखंड असेल तर कटरचे दात तुटतात, म्हणून जगभर तेवढ्या गोलात काचेचे बार घालतात, मशीन ते काँक्रीटबरोबर खाऊन पुढे जातं. इटलीत पिएत्रो लुनार्दी यांनी मऊ जमिनीतल्या बोगद्यात समोरच्या तोंडालाच काचेचे लांब बार घालून आधी तोंड स्थिर करायचं आणि मग पूर्ण तोंडाने खोदायचं ही पद्धत रुजवली, बोलोन्या-फ्लोरेन्स हायस्पीड रेल्वेच्या बोगद्यांत ती मोठ्या प्रमाणावर वापरली. लांबीच्या दिशेने खेचायला मजबूत पण आडवा कापायला सोपा, हा काचेचा गुण तिथे कामाला येतो.

हाच गुण उतारावर उलटा पडू शकतो. पारसिकचा डोंगर, कळवा-मुंब्र्याकडचे उतार, इथे बेसॉल्टच्या थरांमधे कुजलेला मुरूम आणि लाल मातीचे पट्टे असतात, पावसात वरचा दगड त्या पट्ट्यावरून आडवा सरकतो. लोखंडी नेल, म्हणजे उतारात भोक पाडून बसवलेला बार, अशा वेळी वाकतो आणि धरून ठेवतो, काचेचा बार आडव्या कापाने तुटतो. म्हणून जिओटेक इंजिनिअरला विचारा, बारला खेच येणार आहे का काप. खेच असेल, आणि पाणी खारं किंवा आम्लयुक्त असेल, तर काचेचा बार उत्तम. काप असेल तर लोखंडच, चांगल्या कोटिंगने, किंवा नेल तिरका घालून खेच वाढवायची.

घालायची पद्धत. भोक बारच्या दोन-तीनपट व्यासाचं, हवेने साफ करा, पाण्याने चिखल करू नका. मीटर-दीड मीटरवर सेंट्रलायझर (बार भोकाच्या मधोमध धरणारा तुकडा), नाही तर बार भोकाच्या तळाला टेकून पडतो आणि एका बाजूला ग्राउट म्हणजे पातळ सिमेंटच लागत नाही. ग्राउटचा पाइप तळापर्यंत आणि खालून वर भरत यायचं, तोंडातून ग्राउट बाहेर येईपर्यंत. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४ ते ०.४५. मजूर पंप सोपा चालावा म्हणून पाणी वाढवतो, तिथे उभे राहा. तोंडाची प्लेट आणि नट हा ह्यातला कच्चा दुवा, बार जेवढं घेतो त्याच्या खूप कमी वजनाला नटाचे आटे सोलले जातात, म्हणून सर्टिफिकेटमध्ये बारची ताकद वेगळी आणि नटाची वेगळी बघा आणि डिझाइनला लहान आकडा द्या. इम्पॅक्ट रेंचने नट आवळू नका, टॉर्क रेंच, कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंतच.

पहिले दोन-तीन नेल चाचणीसाठी जास्तीचे घाला आणि ग्राउट पिकल्यावर जॅकने खेचून बघा. आकडा आला नाही तर लांबी वाढवा, बारची जाडी वाढवून काही होत नाही कारण सुटतं ते ग्राउट आणि मातीमधून. उताराच्या वरच्या बाजूला पाणी वळवणारं गटार आणि मधे ड्रेनेजचे पाइप, हे नेलच्याच टेंडरमध्ये घाला, वेगळं ठेवलं की ते कधीच होत नाही. जूनच्या आधी एकदा जाऊन ते पाइप सळीने मोकळे करा, आणि प्रत्येक प्लेट हाताने हलवून बघा. हलली तर त्या नेलवर ताण नाहीये, इंजिनिअरला त्याच दिवशी फोन करा.